चष्म्यातली म्हैस

वरचीवाडी, ता. शाहूवाडी
१४ ऑगस्ट २०२४

चि. राजनंदिनी,

मामाचा आशीर्वाद. फोन असताना मामाला कागद का सुचला, असं तुला वाटेल. एक तर आमचं घर म्हणजे दोन खोल्या नि पुढचा उघडा सोपा, आणि तुझ्या मामीचा हात गेला असला तरी कान शाबूत आहेत. मी 'हॅलो' म्हटलं की आतून आवाज येतो, "कोण हाय? काय म्हणतंय?" दुसरं, फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणतेस आणि ठेवला की विसरतेस. तीस वर्षं डेअरीचा सेक्रेटरी होतो, कागदावर आल्याशिवाय काम होत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. हे पत्र ज्ञानूकडे देतोय. तो आपल्या दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, रोज कोल्हापूरला येतो. उत्तर त्याच्याकडेच दे, तो डेअरीत आणून देईल. घरी पाठवू नकोस.

आता मामीचं. जूनअखेरीस अर्धांगाचा झटका आला, त्याला दीड महिना झाला. बोलणं परत आलं, आणि गेलं होतं त्यापेक्षा जास्तच आलं. काठी धरून अंगणापर्यंत चालते. पण उजवा हात मांडीवर पडलेला असतो, दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी रबरी चेंडू दिलाय, दिवसातून शंभर वेळा दाबायचा. पहिल्या दिवशी तिनं चारदा दाबला. दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं शेजारच्या कुत्र्याला टाकला. म्हणाली, "मी काय ल्हान पोरगी हाय व्हय चेंडू खेळायला?"

दिवसभर सोप्यात बसून गोठ्याकडे बघते. गोठा रिकामा आहे. चंद्रीला, म्हणजे आपल्या म्हशीला, मी मलकापूरला तिच्या भावाकडे, गणपतरावांकडे ठेवलीय, कारण इथं धार काढणार कोण? रोज सकाळी तिचा एकच सवाल, "माझी म्हस कवा आणताय?" मी म्हणतो, तुझा हात हलला की आणू.

तुझी आई सांगत होती की तुझ्या ऑफिसात डोक्याला बांधायचा चष्मा करतात आणि तो लावून लकवा झालेली माणसं व्यायाम करतात. खरं असेल तर सगळं सविस्तर लिही. पहिले सहा महिने महत्त्वाचे म्हणतात, त्यातले दीड गेले. मला हिचा हात परत पाहिजे, नंदू. बाकी काही नको.

तुझा,
हंबीरमामा


राजारामपुरी, कोल्हापूर
१९ ऑगस्ट २०२४

ती. मामा,

पाया पडते. ज्ञानूदादा पत्र घेऊन थेट ऑफिसात आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "सायबांचं अर्जंट हाय, आत्ता वाचा." शाळेत असताना प्रगतिपुस्तक हातात पडायचं, तेव्हाची आठवण झाली.

चष्मा आम्ही करत नाही, तो परदेशातून येतो. चष्म्याच्या आत काय दिसायचं ते आम्ही करतो. लावला की समोरची भिंत, खोली, माणसं सगळं नाहीसं होतं आणि आपण दुसऱ्याच ठिकाणी उभे असतो. मान वळवली की तिथलं मागचं दिसतं. आपले हातही दिसतात, कारण चष्म्याला लावलेले कॅमेरे ते बघत असतात. आमचा एक फळांच्या दुकानाचा खेळ आहे. पाटीतलं सफरचंद उचलायचं, फळीवर ठेवायचं. डॉ. वल्लरी आमच्याबरोबर काम करतात, हाताच्या व्यायामाचं सगळं त्या ठरवतात.

यात एक युक्ती आहे. पेशंटचा हात खरोखर तीळभर हलला, तर चष्म्यात तो वीतभर हललेला दिसतो. अर्धी मूठ मिटली तर पूर्ण मिटलेली दिसते. डोळ्यांनी ते बघून मेंदू पुन्हा हाताला हुकूम पाठवायला लागतो, असा अनुभव आहे. सुधारणा झाली की युक्ती हळूहळू कमी करत न्यायची. पण मामा, ही जादू नाही. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, काहींना नुसती चक्कर येते. चेंडूही दाबावा लागेलच (नवीन आणते, कुत्र्याचा राहू दे). मी रविवारी डॉ. वल्लरींना घेऊन येते. मामीला मी सगळं नीट समजावून सांगेन.

आणि उत्तर घरी पाठवू नकोस, असं का लिहिलंत? मामीपासून काय लपवताय?

तुमची,
नंदू


वरचीवाडी
२ सप्टेंबर २०२४

चि. नंदू,

लपवायचं काय, म्हातारपणी माणसाला एखादं तरी पत्र स्वतःच्या नावानं यावंसं वाटतं, एवढंच.

तुम्ही गेल्यावर आठ दिवसांत काय झालं ते ऐक. पहिल्या दिवशी तू होतीस म्हणून तिनं गुमान सफरचंदं उचलली. दुसऱ्या दिवशी मी चष्मा बांधला. पाच सफरचंदं झाली की त्यातली बाई 'शाब्बास' म्हणते ना? तुझी मामी भडकली. "मला शाब्बास म्हणणारी ही कोण भवानी? आन ही सफरचंदं कुणाची? दुकानदार कुठं उलथलाय? त्याची फळं मी का म्हणून लावू?" मी म्हटलं, अगं खेळ आहे. तर म्हणाली, "जन्मात मी दुसऱ्याच्या दुकानात राबली न्हाय, आता राबू व्हय?" चष्मा काढून उशाखाली ठेवला.

संध्याकाळी मात्र स्वतःच विचारलं, "येवढं दुकान दिसतंय, तर त्यात माझी म्हस दिसंल का?"

तेव्हापासून माझ्याही डोक्यात तेच घोळतंय. तिचा हात आयुष्यभर एकच काम शिकलाय. अंगठा नि पहिलं बोट आधी मिटायचं, मग एकेक बोट खाली. सकाळ-संध्याकाळ, पन्नास वर्षं. चेंडूपेक्षा हा व्यायाम काय वाईट? तुमचा तो चित्रं करणारा मुलगा म्हैस करू शकेल का? गेल्या पाडव्याला शिंगं रंगवली तेव्हाचे चंद्रीचे फोटो आणि एक व्हिडिओ पाठवतोय. कपाळावर पांढरा ठिपका आहे तो विसरू नका, त्यावरूनच नाव पडलंय.

मलकापूरला जाऊन म्हैस बघायची काही गरज नाही. रस्ता खराब आहे, उगाच तंगडतोड होईल. फोटोत सगळं आहे.

हंबीरमामा


राजारामपुरी, कोल्हापूर
२३ सप्टेंबर २०२४

ती. मामा,

म्हैस होत आलीय! आमचा ऋतुराज पडला शहरातला. म्हशीशी त्याचा संबंध दूधकट्ट्यापुरता, तोही ग्लास हातात घेऊन. आता आठ दिवस तो रोज सकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर, गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढतात तिथं, जाऊन बसतोय. धारेचा आवाज, शेपटीचा फटका, रवंथ करताना जबडा कसा फिरतो, सगळं टिपून आणलंय. तिथला गवळी त्याला शेवटी म्हणाला, "पावणं, दूध घ्या न्हायतर म्हस घ्या, नुसतं बघत काय बसलाय?"

पण फोटोवरून कास नीट कळेना. म्हणून तुम्ही नको म्हणालात तरी परवा आम्ही दोघं मलकापूरला गेलो. गणपतरावमामांच्या गोठ्यात दोन गाई होत्या, एक बोकड होता. म्हैस नव्हती. विचारलं तर म्हणाले, "चरायला गेलीया." बाहेर पाऊस असा की समोरचं घर दिसत नव्हतं. मी म्हटलं, येईपर्यंत थांबतो. तर म्हणाले, "उशीर व्हईल, ती लांब जाती." त्यांच्या घरच्या मामी चहा घेऊन आल्या आणि आमच्याकडे न बघताच आत गेल्या.

मामा, चंद्री कुठे आहे?

नंदू


वरचीवाडी
२६ सप्टेंबर २०२४

चि. नंदू,

कुणी विचारलं तर चरायला गेलीय म्हणा, असं मीच गणपतरावांना सांगितलं होतं. भर पावसातही तेच म्हणतील असं वाटलं नव्हतं.

चंद्री विकली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, मामी दवाखान्यात असताना. गगनबावड्याच्या बाजूला धोंडुबाई म्हणून एक बाई आहे, तिनं रेडकासकट नेली.

तुला सगळं सांगतो, हसायचं तर हस. तीस वर्षं मी गावाच्या दुधाचं फॅट मोजलं. कुणी पाणी घातलं तर मशीनच्या आधी माझं नाक सांगायचं. पण उभ्या जन्मात मी एकदाही धार काढली नाही. मामी दवाखान्यात गेली त्या दिवशी शेजारचा बसला, चंद्रीनं थेंब दिला नाही. दुसरा बसला, तेच. तुला माहीत नसेल, म्हैस दूध चोरते, पान्हा वर ओढून धरते. मग गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाईच्या हाताची म्हैस आहे, बाईचं लुगडं नेसून बसा. ही आपल्याकडची रीतच आहे, मी काढलेली नाही. म्हणून मी, डेअरीचा माजी सेक्रेटरी, तुझ्या मामीचं हिरवं लुगडं नेसलो. पदर डोक्यावरून घेतला. आवाजावरून ओळखेल म्हणून तोंड बंद. चंद्रीनं लुगडं हुंगलं, कान सैल सोडले आणि पान्हवली. मला रडू आलं बघ. पण काढायची कशी? चार थेंब आले. दुसऱ्या दिवशी बसलो आणि मला शिंक आली. तिनं मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. त्यानंतर लुगड्यालाही फसली नाही.

चौथ्या दिवशी कास दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, रोज मोकळी झाली नाही तर कासेचे सड निकामी होतील आणि मागोमाग म्हैसही जाईल. धोंडुबाईचा हात हलका आहे म्हणून सगळे सांगत होते. म्हणून दिली. तिनं तीन दिवसांत मोकळी केली.

मामी घरी आली तेव्हा जीभ जड होती. पहिला शब्द स्पष्ट निघाला तो माझा नव्हता, 'चंद्री' असा होता. आता तूच सांग, त्या वेळी कसं बोलणार होतो? एकदा नाही बोललो, की दुसऱ्या दिवशी आणखी अवघड होतं. गल्लीलाही गप्प केलंय.

हात हलेपर्यंत तरी सांगू नको. म्हैस परत येणार या एका आशेवर ती उठून बसते. आणि नंदू, राग मानू नको, तूही काय वेगळं करतेस? हात तीळभर हलला तर वीतभर दाखवतेस. ते पण सोंगच की.

हंबीरमामा


राजारामपुरी, कोल्हापूर
३० सप्टेंबर २०२४

ती. मामा,

लुगड्याचं वाचून आधी हसले, आणि मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुम्ही गोठ्यात पदर घेऊन एकटे बसलाय, हे डोळ्यांपुढून जात नाही.

पण सोंगाचं म्हणाल तर तुमचं चुकतंय. वीतभर दाखवतो ते मी मामीला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा डॉ. वल्लरींना भाताचं खाचर दाखवायला गेला होतात. मी म्हटलं, मामी, यात दिसेल तेवढा हात खरा हलत नाही, आम्ही वाढवून दाखवतो. ती थोडा विचार करून म्हणाली, "दाव की. तू खोटी मूठ दाव, मी खरी मिटायला बघते." तिला ठाऊक आहे, तिनं होकार दिलाय. चंद्रीचं तिला ठाऊक नाही. एवढा फरक आहे, आणि तो थोडा नाही.

मी आज ज्ञानूदादाबरोबर म्हैस घातलेला चष्मा पाठवतेय. हात महत्त्वाचा आहे म्हणून पाठवतेय. मी आपणहून काही बोलणार नाही, पण मामीनं मला सरळ विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. तुम्हीच सांगा तिला. लवकर सांगा.

नंदू


वरचीवाडी
२१ ऑक्टोबर २०२४

चि. नंदू,

तुझी म्हैस नापास झाली होती, हे तुला फोनवर अर्धंच सांगितलं. पूर्ण ऐक.

चष्मा बांधल्या बांधल्या तुझ्या मामीनं मान वळवून सगळीकडे बघितलं. मग डावा हात पुढं करून हवेत कपाळ कुरवाळलं. मी बाजूला उभा होतो, मला काय दिसतंय, नुसता हात. तिनं पाट मागितला, उकिडवं बसता येत नाही म्हणून पाटावर बसली. आणि बसूनच राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं मशीन बंद पडलं. शेवटी विचारलं, का गं, काढ की धार. तर म्हणाली, "रेडकू कुठाय? रेडकू सोडल्याबिगर कासंला हात लावू व्हय मी? कसाई हाय का?"

बरोबरच आहे. आधी रेडकू पाजायचं, म्हैस पान्हवली की त्याला ओढून तिच्या तोंडापुढं बांधायचं, मग बसायचं. सेक्रेटरी असून मला ते सुचलं नाही, आणि ऋतुराजनं तर कट्ट्यावर रेडकाविना पिळलेल्या म्हशीच बघितलेल्या. चार दिवसांत तुम्ही रेडकू घालून दिलंत, त्याला शंभर मार्क. आता ती डाव्या हातानं दावं ओढते आणि उजव्यानं सड धरते. दोन्ही हात कामाला लागले. शेवटची धार काढत नाही, रेडकासाठी ठेवते. चष्म्यातल्या रेडकासाठी!

आणि नंदू, काल अंगठा हलला. चष्म्यात नाही, खरोखर. जेवताना पापड उजव्या हातानं मोडला. मी उठून बाहेर गेलो, थोडा वेळ अंगणात उभा राहिलो, मग आत आलो.

पण एक गोष्ट मला टोचते. डॉक्टरांनी अर्धा तास सांगितलाय, ती दोन-दोन तास काढत नाही. आत जे काही बोलते ते म्हशीशी. गल्लीतल्या बायका भेटायला आल्या की "थांबा, धार ऱ्हायलीय" म्हणते. चष्मा काढला की गोठ्याकडे बघत बसते आणि विचारते, "हात आला की आता. माझी म्हस आणा." मी दिवाळीनंतर म्हणालोय.

तू म्हणतेस तसं सांगायला गेलो होतो एकदा. जीभ रेटली नाही.

हंबीरमामा


राजारामपुरी, कोल्हापूर
९ डिसेंबर २०२४

ती. मामा,

डॉ. वल्लरींनी काल मोजमाप पाठवलं. मुठीचा जोर डाव्या हाताच्या निम्म्याला आलाय. वाढवून दाखवायची युक्ती आता जवळजवळ बंद केलीय, मामी खरी मिटते तेवढीच मूठ चष्म्यात दिसते. चष्म्याला वेळेचं कुलूप घातलंय, अर्ध्या तासानं म्हैस आपोआप खाली बसते आणि उठत नाही. मामी रागावली तर माझं नाव सांगा.

आणखी एक आनंदाची बातमी. पुण्यात मोठी परिषद होती, दोनशे लोक होते, बरेच डॉक्टर. तिथं मी मामीचा व्हिडिओ दाखवला, दाखवू का म्हणून तुम्हाला फोनवर विचारलं होतं तोच. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे विणकर पेशंट आहेत, त्यांच्यासाठी माग करून द्या. दुसऱ्या एका बाईंना भाकरी थापायचा खेळ हवाय. मामा, मी या कामाला लागले तेव्हा सगळ्यांसाठी एकच दुकान, एकच पाटी केली होती. प्रत्येक हाताला त्याचं त्याचं काम आठवतं, हे मला मामीनं शिकवलं. मला तिचा फार अभिमान वाटला.

पण परवा आले होते तेव्हा तिनं मला विचारलं, "नंदे, खरं रेडकू केवढं झालं असंल गं आता?" मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले. पुन्हा आले तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. मी तिला खेळ करून दिला होता, तुम्ही त्याचं कुंपण केलंय. ती आत बसून राहते, कारण बाहेर तुम्ही तिला खरं काही देत नाही. मला कठोर बोलायचं नव्हतं. पण संक्रांतीपर्यंत तुम्ही सांगितलं नाही, तर मी येऊन सांगेन. तिचं तिला कळायला हवं, मामा. ती काही लहान मूल नाही.

नंदू


वरचीवाडी
१९ जानेवारी २०२५

नंदे,

हे मी लिव्हालेय. उजव्या हातानं. चार दिस लागलं, रोज थोडं थोडं. चौथीपतुर शाळा झाली माझी, चुकलं तर हासू नको. मामास्नी कागदाला हात लावू दिला न्हाय.

संक्रांतीच्या आदल्या दिशी ह्यांनी समदं सांगितलं. तुझी पत्रंबी वाचून दावली. सांगताना हेच रडालते. मी दोन दिस बोलले न्हाय. सणाची पोळीबी केली न्हाय. म्हस इकली त्याचा राग न्हाय मला. कास दगडावाणी झालती म्हणं, मग दुसरं काय करणार? जनावर जगलं पायजे. मी शुद्धीत असते तर मीच म्हणाले असते, द्या म्हणून. पर घरी आल्यावर तरी सांगायचं. मला कुणी काय इचारलंच न्हाय. हात गेलता, तोंड व्हतं की माझं.

आन तू. मामाला लई शानपन शिकवलंस. मी काय ल्हान मूल न्हाय म्हणालीस, वाचलं मी. मग माझा व्हिडिओ दोनशे मानसास्नी दावलास तवा कुणाला इचारलंस? तर मामाला. ह्यांच्याकडनं मागून बघितला मी तो. पदर पडलेला, केस इस्कटल्यालं, आन मी पाटावर बसून हवेत धार काढालेय. मला आत म्हस दिसत व्हती गं. त्या लोकास्नी दिसली व्हय? त्यास्नी खुळी म्हातारी दिसली. तुमी दोघं बी सारखंच, मामा-भाची. माझ्या भल्याचं केलंसा, मला ठावं हाय. तरी लागलं मनाला.

तिसऱ्या दिशी मी म्हणलं, मला म्हशीला बघायचं हाय. ज्ञानूनं गाडी आणली. गगनबावड्याच्या अलीकडं धोंडुबाईचं घर हाय. बाई चांगली हाय, गोठा झाडल्याला, जनावर ताजंतवानं. मी हाक मारली. चंद्रीनं कान टवकारलं, माझा हात हुंगला, आन परत वैरणीत तोंड घातलं. वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. मला वाटलं हंबरंल.

धोंडुबाई म्हणाली, बसा की. रेडकू सोडलं, वडून बांधलं, बसले. पान्हवली ती. चार धारा काढल्या, मोजून चार. पाचवीला बोटं उघडंनात. तुझ्या चष्म्यात बादली भरतीया माझी, आन हितं चार धारा. पर त्या चरवीत वाजल्या, नंदे. बाकीची धोंडुबाईनं काढली. मी मागं सरून बसले आन बघितलं. हलका हात हाय तिचा. म्हस परत द्या म्हणून मी म्हणलं न्हाय. तिची हाय ती आता.

येताना गाडीत मीच बोलायला सुरवात केली. व्हळीच्या आत पहिलारू, पयल्या येताची म्हस आणायचं ठरलंय. बघायला मी जाणार, पसंत मी करणार. आन धार दोघांनी काढायची. माझा हात आज हाय, उद्याचं कुणी सांगावं? परत कवा मी पडले तर म्हस इकाय लागू ने. म्हणून मामा आता रोज सांच्याला चष्मा लावून पाटावर बसत्यात आन मी शेजारी काठी घिऊन बसते. पयल्या दिशी लाजलं. आता गल्लीतल्या बायका बघाय येत्यात, त्यास्नीबी हे चष्म्यातनंच वरडून सांगत्यात, गप ऱ्हावा, पान्हा चोरंल ती.

तुझ्याकडं एक काम हाय. काल मामा रेडकू न सोडताच बसलं, आन अंगठ्याचं नख लावून दाबालते, तरी तुझी म्हस गुमान हुबी. असं शिकून खऱ्या म्हशीखाली गेलं तर मानूस जायचा. त्या पोराला सांग, चुकलं की लाथ मारली पायजे तिनं. चांगली जोरात. मामास्नी इचारलंय मी, चालंल म्हणालेत.

तुझी मामी,
झुंबर